बेहड्यावरची बाळंतीण

एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक आई होती, जिला झोप लागत नसे.

तिला एकच लेक होती, पाच वर्षांची. लेक झोपली की आई तिच्यावर वाकून बघे, श्वास चालू आहे ना. श्वास चालू असे. मग ती आडवी होई आणि तिला वाटे, आपण लेकीचाच श्वास ऐकला का, की स्वतःचाच? ती पुन्हा उठे. पुष्कळदा तिच्या या बघण्यानंच लेकीची झोप मोडे, आणि मग लेक का उठली, तिला काही होतंय का, अशी नवी काळजी सुरू होई. आई शिकलेली होती. हे सगळं वेडेपणाचं आहे हे तिला कळत होतं. पण कळल्यानं झोप येते असं नाही.

त्या वर्षी चैत्रात तिच्या काळज्यांमध्ये आणखी एकीची भर पडली. ही घरातली नव्हती, डोंगरावरची होती.

तो डोंगर राजानं राखून ठेवला होता. तिथे कुऱ्हाड न्यायची नाही, बाण न्यायचा नाही, जाळ करायचा नाही, अशी दवंडी पिटलेली होती, आणि ती पाळली जाते की नाही हे पाहायला एक राखणदार नेमला होता. आसपासचे डोंगर उघडे पडत गेले, हा हिरवा राहिला. हिरवा राहिला म्हणून लांबलांबची माणसं गाड्या जुंपून, पोराबाळांना घेऊन तो बघायला येऊ लागली. बघायला बंदी नव्हती. बघण्यानं कुणाचं काय बिघडणार?

गावाला याचं कौतुक होतं. आलेल्या पाहुण्याला गूळपाणी द्यावं आणि आपल्याकडे जे चांगलं असेल ते दाखवावं, ही तिथली रीत. कडा दाखवून झाला, झरा दाखवून झाला, की गावकरी म्हणत, "आता आमचा बेहडा बघा."

बेहड्याचं ते झाड फार जुनं होतं. खोडात उंचावर एक ढोली होती आणि दर वर्षी त्या ढोलीत धनेशाची जोडी घर करी. धनेश म्हणजे मोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी. त्याचा संसार जगावेगळा. अंडी घालायची वेळ आली की मादी ढोलीत शिरते आणि आतून लिंपून लिंपून दार बंद करून घेते. चोच मावेल एवढी फट काय ती ठेवते. आत गेल्यावर ती आपली पिसं झाडून टाकते, म्हणजे मनात आलं तरी उडून जाता येत नाही. पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून उंबरं आणतो, वडाची फळं आणतो आणि त्या फटीतून भरवतो. तो आला तर आतले जेवतात. नाही आला तर नाही.

हे ऐकल्यावर कुणालाही बघावंसं वाटणारच.

एके दिवशी आई लेकीला घेऊन झऱ्याकडे निघाली होती, तर बेहड्याखाली ही गर्दी.

"कुठाय? मला नाही दिसत."

"अहो, माझ्या बोटाच्या रेषेत बघा ना. ती फट."

"ती फट? एवढ्यासाठी मला इथवर चढवलंत होय?"

"थांबा, ती चोच काढेल बाहेर."

"कधी?"

"ते काय मला विचारून काढणार आहे?"

एका गृहस्थांनी सोबत आरसा आणला होता. त्यांनी ऊन पकडून त्याचा कवडसा बरोबर फटीवर टाकला. आत काहीतरी हललं आणि मागे सरकलं. लोक कुजबुजले. राखणदार म्हणाला, "हळू बोला, मंडळी," तसे ते लगेच हळू बोलू लागले. माणसं चांगली होती. कुणी पान तोडलं नाही. करवंदांच्या बियासुद्धा बायकांनी पदरात बांधून घेतल्या.

आईचं लक्ष मात्र पलीकडच्या झाडावर गेलं. तिथे नर बसला होता. चोचीत एक लालबुंद उंबर. तो जवळच्या फांदीवर येई, खालची तोंडं बघे आणि परत जाई. पुन्हा येई, पुन्हा जाई. आई झऱ्यावर जायचं विसरली. उन्हं कलली, सावल्या लांब झाल्या, तरी उंबर चोचीतच होतं. शेवटी तो ते घेऊनच दरीपलीकडे उडून गेला.

आई राखणदाराकडे गेली. "दादा, तो आत देत नाहीये."

"मीही बघतोय, वहिनी. बरेच दिवस असंच चाललंय. कधी पहाटे एखादं फळ देऊन जातो, तेवढंच."

"मग हटवा की लोकांना."

"काय सांगून हटवू? कुऱ्हाड असती तर काढून घेतली असती. डोळे कसे काढून घेऊ?"

त्या दिवसापासून आईची उरलीसुरली झोपही गेली. एक बाई घरात कोंडलेली, कुशीत पिल्लं, आणि जेवण दारातून परत जातंय, हे तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

तिनं पारावर जाऊन पाटलांना सांगायचं ठरवलं. काय बोलायचं ते वाटेत नीट जुळवलं होतं, पण तिथे गेल्यावर मधलंच आधी बोलून बसली.

पाटील म्हणाले, "म्हणजे दारी आलेल्या पाहुण्याला म्हणायचं, मागे फिरा? आपल्या गावाला शोभेल का हे?"

बाजूचा एकजण म्हणाला, "वहिनींचं रोजच काहीतरी असतं. मागे विहिरीत साप पडेल म्हणून झोपल्या नव्हत्या."

"पडला होता की," आई म्हणाली.

"पडला होता. पण तुम्ही जाग्या होतात म्हणून तो पडायचा थांबला का?"

सगळे हसले. आईलाही हसू आलं, कारण म्हणणं खोटं नव्हतं.

मग तिची सासू, जी भाजी निवडत लांब बसून ऐकत होती, ती म्हणाली, "एवढ्या नजरा पडल्यावर दृष्ट लागणारच. डोंगराला तीट लावा."

हे सगळ्यांना एकदम पटलं. पाहुण्यांना नाही म्हणायला नको, गावाचं नाव जायला नको. आईचं म्हणाल तर, ती शिकलेली होती म्हणून तिचा दृष्टीवर विश्वास नव्हता, आणि ती आई होती म्हणून तिच्या कनवटीला काजळाची डबी असे. तिनं ती डबी काढून दिली.

गावातल्या यच्चयावत दिव्यांची काजळी गोळा झाली. ती एरंडेलात कालवली आणि बेहड्याच्या बुंध्याशी जो मोठा धोंडा होता त्यावर परातीएवढी गोल तीट लावली. राखणदार बघत उभा होता. म्हणाला, "काजळाला काही बंदी नाही. लावा."

आणि मग जे व्हायचं ते झालं. डोंगराला तीट लावलीय, ही बातमी गावोगाव पोचली. असा डोंगर कुणी पाहिलेला नव्हता. होत्या त्याच्या दुप्पट गाड्या येऊ लागल्या. लोक धोंड्यावर बोट घासून आपापल्या पोरांच्या गालाला लावत, काही हौशी पुरुष स्वतःच्याही लावून घेत, आणि आलोच आहोत तर म्हणून वर फटीकडे बघत उभे राहत. नर आता दिवसा पलीकडच्या झाडावरही येईनासा झाला. त्याचा आवाज तेवढा दरीपलीकडून ऐकू येई.

"तीट लहान झाली असेल," पाटील म्हणाले.

याच दिवसांत आईची धाकटी जाऊ घरात बाळंत झाली होती. माजघरापलीकडची खोली तिला दिली होती आणि दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला होता. सासू उंबऱ्यावर ठाण मांडून बसे. नवीन बाळ बघायला सगळ्यांत उतावीळ कोण, तर लेक. ती दिवसातून कितीदा तरी तिकडे जाई आणि कितीदा तरी बोलणी खाऊन परत येई.

"आजी, जाऊ?"

"आधी पाय धू."

"धुतले."

"तरी नाही. बाळंतिणीच्या खोलीत असं वाऱ्यावरून येऊन डोकावू नये. बारशाला बघ."

लेक हिरमुसून परत येई. पण बोलणी वाया जाऊ देणारी मुलगी ती नव्हती. आजीचं एकेक वाक्य, हातवाऱ्यांसकट, तिनं मनात जपून ठेवलं.

एकदा आई आणि लेक बेहड्याशी गेल्या असता एक मोठ्या घरच्या बाई तिथे आल्या. सोबत तेच आरशाचे गृहस्थ. ते त्यांचे यजमान निघाले. स्वतः पाहून गेले होते आणि आता कौतुकानं बायकोला दाखवायला घेऊन आले होते. बाई चढून दमल्या होत्या, पण चेहरा हसरा. त्यांनी लेकीच्या गालाला हात लावला. "बाळ, तुमची ती पक्षीण कुठे गं राहते? मला दाखवतेस?"

लेकीनं कमरेवर हात ठेवले. "पाय धुतलेत?"

"अं?"

"लांबून आलात ना? पाय धुतलेत का? आत बाळंतीण आहे."

आईला वाटलं, जमीन दुभंगावी. "अगं," ती म्हणाली, पण लेक थांबायला तयार नव्हती. एवढे दिवस साठवलेलं सगळं बाहेर येत होतं.

"बाळंतिणीच्या खोलीत असं डोकावतात का? वाऱ्यावरून आलेली माणसं. बारशाला बघा."

 बाईंनी एकदा वर, त्या लिंपलेल्या दाराकडे बघितलं, आणि मग कुणाच्या तरी खोलीत चुकून पाऊल पडावं तशा दोन पावलं मागे सरल्या. डोक्यावरचा पदर सारखा केला.

"अहो, तो आरसा ठेवा आत."

"अगं, पण ती पक्षीण..."

"ठेवा म्हणते ना. माझ्या वेळी कुणी खिडकीतून आरसा मारला असता तर चाललं असतं का तुम्हाला?"

गृहस्थांनी आरसा पडशीत टाकला. तोपर्यंत गर्दीतल्या बाकीच्या बायकाही मागे सरल्या होत्या. त्या सरल्या तसे पुरुष सरले. आता कुणीच वर बघत नव्हतं. जो तो चपलांकडे बघत होता.

एका म्हाताऱ्या बाईंनी आईला जवळ बोलावून हळूच विचारलं, "जेवते ना नीट?"

"नाही," आई म्हणाली. आणि त्या दिवशी पारावर जे नीट सांगता आलं नव्हतं, ते तिच्या तोंडून सरळ निघून गेलं. "तुम्ही माणसं इथे असलात की तिचा नवरा जेवण घेऊन येत नाही. लांबून बघतो आणि परत जातो."

"अगं बाई, मग आधी सांगायचं नाही का?" म्हातारी म्हणाली, आणि काठी टेकत सगळ्यांच्या आधी उतरू लागली.

राखणदार काही मोठा बोलका नव्हता, पण कुठला शब्द चालतो हे त्याला त्या दिवशी कळलं. दुसऱ्या दिवशी त्यानं बेहड्याच्या पुष्कळ अलीकडे, वाट जिथे वळते तिथे, दोन झाडांच्या मध्ये दोरी बांधली आणि तिला कडुलिंबाचा मोठा डहाळा अडकवला. बाकी काही करावं लागलं नाही. येणारे येत, डहाळा बघत, "बाळंतपण आहे वाटतं" म्हणत आणि आपण होऊन कड्याच्या वाटेला लागत. पाटलांचीही अडचण सुटली. ते आता पाहुण्यांना गूळपाणी देताना मोठ्या तोऱ्यात सांगत, "यंदा आमच्याकडे वर बाळंतपण आहे. बारशाला मात्र जरूर या." काही बायका डहाळ्याखाली डिंकाचे लाडू ठेवून जाऊ लागल्या. रानात अन्न टाकायचं नाही असा राखणदाराचा नियम, म्हणून तो ते उचलून आईच्या जावेला नेऊन देई. जाऊ म्हणे, "धनेशबाईंना सांगा, बेसनाचेही चालतात."

आता तरी आईला झोप यायला हवी होती. नाही आली.

आतापर्यंत निदान दिसत तरी होतं. आता कुणी वर जात नाही म्हटल्यावर काही कळायलाच मार्ग नव्हता. नर येतोय का? की त्यानं नाद सोडला? आतली जिवंत आहे का? आपण समजतोय सगळं ठीक, आणि आत सगळं संपलेलं असलं तर? कुणीतरी एकदा बघून यायला हवं. आणि सगळ्यांत जास्त काळजी जिला आहे, तिनं जायला नको तर कुणी?

सकाळची कामं आवरून ती निघाली. लेक मागे लागली, म्हणून तिलाही घेतलं. वळणावर डहाळा होता. कालच्या लाडवाचा एक तुकडा मुंग्या ओढत होत्या. आईनं दोरी वर उचलली आणि वाकली.

मागून पदर ओढला गेला.

"आई, पाय धुतलेस?"

"अगं, मी काय पाहुणी आहे का? मी बघायला नाही चाललेय. मला काळजी वाटते तिची. एकदा नजर टाकते आणि येते."

लेक विचारात पडली. मग म्हणाली, "आजीला पण काकूची काळजी आहे. पण ती आत बघत नाही. ती उंबऱ्यावर बसते आणि बाहेर बघते."

आईच्या हातात दोरी तशीच राहिली.

जावं, तर तो कदाचित आत्ता कुठे फळ घेऊन आलेला असेल, आणि आपल्याला बघून परत जाईल. न जावं, तर काही वाईट झालेलं असेल ते आपल्याला कळणारही नाही. पाहुण्यांना नाही म्हणणं सोपं गेलं होतं. आता समजलं की सगळ्यांत चिकट डोळे आपलेच आहेत, आणि त्यांना आरशाचीही गरज नाही.

तिनं दोरी सोडली. डहाळ्याच्या अलीकडे एक सपाट दगड होता, त्यावर बेहड्याकडे पाठ करून बसली. लेक शेजारी बसली. समोर नुसती वाट होती. वाटेवर कुणी नव्हतं.

पाठ करून बसणं तिला फार जड गेलं. मान आपोआप वळे आणि ती पुन्हा समोर आणी. लेक पायानं माती उकरत होती. एक खार आली, गेली. बराच वेळ काही झालं नाही. काही न होण्यात काय काय झालेलं असू शकतं, याचा आईनं मनातल्या मनात पुरता विचार करून घेतला.

मग डोक्यावरून जड पंखांचा आवाज गेला. लेकीनं वर बघितलं. "आई, त्याच्या तोंडात लाल..."

"श्श."

मागे, उंचावर, काहीतरी लाकडावर वाजलं. थोडं थांबून परत एकदा. मग पंखांचा तोच आवाज दरीकडे निघून गेला. आईनं मागे वळून बघितलं नाही. तिला दिसलं काहीच नव्हतं, पण ती ताडकन उठली नाही की परत परत खात्री करायला गेली नाही. घरी जाताना तिनं लेकीला कडेवर घेतलं. लेक आता कडेवर घेण्याएवढी लहान राहिलेली नव्हती, तरी घेतलं.

त्यानंतर जमेल तेव्हा ती तिथे येऊन बसे, वाटेकडे तोंड करून. कुणी नवखा चुकून वळलाच तर म्हणे, "आत बाळंतीण आहे, दादा."

ज्येष्ठात एका सकाळी राखणदारानं डहाळा सोडला. बारशाला बरीच माणसं आली. त्या मोठ्या घरच्या बाई आल्या, आरसा घरी ठेवून त्यांचे यजमानही आले. वर बघतात तर दार फुटलेलं आणि ढोली रिकामी. बुंध्याशी वाळलेल्या लिंपणाचे तुकडे पडले होते, आणि नरानं इतके दिवस आणलेल्या फळांच्या बियांतून बोटाएवढी रोपं वर येत होती. तीट केव्हाच उडून गेली होती.

"बारशाला बोलावलंत आणि बाळच नाही?" यजमान म्हणाले.

"बाळ काय तुमची वाट बघत बसेल का?" बाई म्हणाल्या. "गेलं आपल्या आईबापांबरोबर. चांगलं झालं." आणि त्या रोपांवर पाय पडणार नाही अशा बेतानं खाली बसल्या. तेवढ्यात दरीवरून दोन मोठे धनेश गेले आणि त्यांच्या मागून एक तिसरा, अजून जरा वेडावाकडा उडणारा. कुणी बोट दाखवलं नाही. ते गेल्यावर मात्र सगळे एकदम बोलू लागले.

राजानंही पुढे दवंडीत एका वाक्याची भर घातली म्हणतात. कुऱ्हाड न्यायची नाही, बाण न्यायचा नाही, जाळ करायचा नाही, आणि डहाळा बांधलेला दिसला तर मागे फिरायचं.

तात्पर्य: ज्याला जपायचं, त्याच्या उंबऱ्यावर बसावं, पण तोंड बाहेर करून.

आईनं हे लेकीला झोपवताना नीट समजावून सांगितलं. रानाचं, झाडाचं, पाखरांचं, सगळ्यांचं असंच असतं, असंही सांगितलं. लेकीनं सगळं ऐकून घेतलं, पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं आणि म्हणाली, "मग मी झोपले ना, की तू पण तिकडे तोंड करून बस."